अपर क्विंबीचा डुक्करपाल

"मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसायचा नाही," झेनस कोल्बी म्हणाला आणि शेगडीच्या कडेला दोन्ही बूट टेकवून असा ऐसपैस बसला, की विश्वास न बसणं ही ऐकणाऱ्याचीच खोट ठरावी. "आजवर कुणाचाच बसलेला नाही. खऱ्या गोष्टीचं हेच दुर्दैव असतं, पाद्रीबाबा. खोटी असती तर केव्हाच खपली असती."

नवे पाद्री व्हिटकम यांचा गुन्हा एवढाच, की पर्लीच्या दुकानात साबण घ्यायला आले असता त्यांनी सहज विचारलं होतं, चर्चमागे तो दगडी भिंतींचा चौकोन आहे, वर छप्पर नाही, पुढे भलंमोठं फाटक, ते काय आहे हो? कुणाचं थडगं का?

पर्लीनं सुस्कारा सोडून कॉफीचं भांडं शेगडीवर चढवलं. आता तासभर दुकानात काही विकलं जाणार नाही हे त्याला अनुभवानं कळलं होतं.

"झेनसकाका, कोपऱ्यात लव्हिनाबाई बसल्यात हं," त्यानं सावध केलं.

लव्हिना टटल रॉकेलचा डबा भरून मिळायची वाट बघत मोजा विणत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बसू देत की! त्यांच्याच नवऱ्याची गोष्ट आहे. साक्षीदार हजर असलेला बरा," झेनस म्हणाला. "पाद्रीबाबा, माझी अठ्ठ्याहत्तरी उलटली. दात गेले, गुडघे गेले, पण डोळे? तो बघा मनोरा. मोठ्या काट्यावर कबुतर बसलंय. म्हणून तुमच्या चर्चचं घड्याळ मागं पडतं."

पाद्रीबाबांनी खिडकीतून बघितलं. त्यांना मनोरा दिसला. घड्याळही दिसलं. कबुतराच्या बाबतीत त्यांनी श्रद्धेचा आधार घेतला.

"तर, मुख्य प्रसंगाच्या दिवशी मी गावात नव्हतो हे आधीच सांगून ठेवतो. गिरणीवर गेलो होतो. पण दहा जणांच्या तोंडून ऐकून, चाळून, खडे वेचून सांगतोय. ऐका."

ऑरिन टटल मूळचा वूस्टर शहरचा. आगीचा विमा विकायला तो अपर क्विंबीत आला तेव्हा दोन दिवसांत परत जायचा त्याचा बेत होता. पहिल्या दिवशी त्यानं लव्हिनाबाईंच्या घराचा विमा उतरवला. दुसऱ्या दिवशी गोठ्याचा, तिसऱ्या दिवशी तबेल्याचा—

"गोठा आणि तबेला एकच आहे," कोपऱ्यातून आवाज आला.

तेच तर म्हणतोय मी! एकाच इमारतीचा दोनदा विमा उतरवणारा माणूस विम्यासाठी येत नसतो. बाई विधवा, घर मोठं, हातचा 'ॲपल पाय' असा, की खाणाऱ्यानं टोपी काढावी. जानेवारीत लग्न लागलं. तेव्हा ऑरिन शेहेचाळीस वर्षांचा होता. डोक्यावर केस बेताचे, अंगात कोट मात्र कायम इस्त्रीचा. शेणाच्या वासानं तो शिंकायचा आणि शिंकल्यावर गाईची क्षमा मागायचा.

त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आपण या गावचे व्हावं. आता इथं गावचं होणं म्हणजे खायचं काम नव्हे. आमच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी चाळीस वर्षं गावातली निम्मी पोरं स्वतःच्या हातांनी या जगात आणली. ती पोरं गावची झाली, डॉक्टर अजून बाहेरचेच. ऑरिनला सगळे 'वूस्टरवाला' म्हणत, आणि त्यात वाईट हेतू नसे हेच जास्त लागायचं. वाईट हेतू असता तर भांडता तरी आलं असतं.

मार्चमध्ये गावसभा भरली. पाद्रीबाबा, तुम्ही बाहेरचे, म्हणून सांगतो. फार पूर्वी इथं डुकरं रानात, रस्त्यात, कुणाच्याही मक्यात मोकाट हिंडायची. ती धरून कोंडवाड्यात घालायला गाव दरसाल एक धट्टाकट्टा माणूस निवडायचं. तो डुक्करपाल. पुढं कुंपणं आली, डुकरं खोपटांत गेली, पद मात्र राहिलं. आमच्याकडं पदाला मरण नसतं, फक्त माणसं मरतात. मग कुणा वाह्यात पूर्वजाच्या डोक्यात आलं, की ज्यांची वर्षभरात लग्नं झाली त्यांना डुक्करपाल करावं. नुकतेच स्वतः घरी बांधले गेलेत, तर कोंडण्याचा अनुभव आहे म्हणून! तेव्हापासून दर मार्चला कुणा नवऱ्या मुलाचं नाव पुकारतात, तो लाल होतो, सगळ्यांना सिगार वाटतो, की संपलं. वर्षभर कुणी डुकराचं नाव काढत नाही.

हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ऑरिनला ठाऊक नव्हतं.

सभापती होता होझिया गेज, म्हणजे या आपल्या पर्लीचा बाप. त्यानं चेहरा अगदी मातीच्या मडक्यासारखा ठेवून पुकारलं, "डुक्करपालाच्या जबाबदारीच्या पदासाठी ऑरिन टटल यांचं नाव आलं आहे. संमती असेल त्यांनी होय म्हणा." असा 'होय' उठला की छपरावरचा बर्फ घसरून खाली पडला.

आणि ऑरिन टटल उभा राहिला. लाल झाला नाही. पांढरा झाला.

"सभापती महाशय, पंच मंडळी," तो म्हणाला, "आणि गावकऱ्यांनो. मी इथं आलो तो परका म्हणून. तुम्ही इतक्या लवकर माझ्यावर विश्वास टाकाल असं मला वाटलं नव्हतं. लहानपणापासून मला घरात कुणी कोंबडी राखायला सांगितलं नाही. तुम्ही मला..." इथं त्यानं रुमाल काढला. "मी तुमच्या विश्वासाला जागेन, ही माझी शपथ."

न्हाव्यानं हसू दाबायला टोपी तोंडात कोंबली. मागच्या स्वयंपाकघरात बायका जेवणासाठी घेवड्याची भांडी गरम करत होत्या. त्यातून लव्हिनाबाई पळी हातात घेऊन दारापर्यंत आल्या, नवऱ्याचा चेहरा बघितला, आणि तशाच परत भांड्यांकडे गेल्या. मग कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सिगारऐवजी ऑरिननं सगळ्यांना विमा कंपनीची कॅलेंडरं वाटली. त्यानंतर इतर किरकोळ पदं भराभर उरकली. ती काही सांगत बसत नाही.

घरी जाऊन ऑरिननं पहिलं काम काय केलं असेल? थोरल्या भावाला कळवलं.

थोरला भाऊ अँब्रोज. त्याचा वूस्टरात बायकांच्या कंबरपट्ट्यांचा कारखाना होता. अर्ध्या राज्यातल्या बायकांच्या कमरा त्यानं आवळल्या होत्या, स्वतःची मात्र मोकळी सोडली होती. "ऑरिनच्या हातून काय होणार" हे वाक्य तो जेवणाआधीच्या प्रार्थनेसारखं म्हणायचा. त्याला ऑरिननं लिहिलं, की गावानं मला एकमतानं अधिकारपद दिलं आहे, काम कायदा-सुव्यवस्थेचं आहे. डुक्कर हा शब्द काही कारणानं राहून गेला. उत्तर आलं: 'स्ट्रॉबेरीच्या दिवसांत आम्ही दोघं येतो. तुझा अधिकार बघायलाच येतो.'

आता अधिकार म्हटला की बिल्ला हवा. ऑरिन बिल्ला मागायला होझिया गेजकडे गेला.

"बिल्ला?" होझिया म्हणाला. "अरे टटल, बिल्ल्याचं काय घेऊन बसलास! तुझे सिगार राहिलेत ते दे, म्हणजे झालं." आणि मग त्यानं ऑरिनच्या तोंडाकडे बघितलं आणि हातातली दुधाची बादली खाली ठेवली. "अरे देवा. तुला कुणी सांगितलंच नाही का रे?"

संध्याकाळी ऑरिन घरी आला तो कोट न काढताच बसला.

"लव्हिना, तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. दारापर्यंत आले होते. पण तू इतका खुश होतास, ऑरिन. आपल्या लग्नातसुद्धा तू इतका खुश नव्हतास."

"लग्नात मला ताप होता."

"ते असो. आता भावाला काय कळवायचं?"

ऑरिननं दिव्याची वात वर केली. मग बटणं नीट लावली आणि म्हणाला, "काहीही कळवायचं नाही. पद थट्टेचं असेल. मी थट्टेचा नाही. मी शपथ घेतलेली आहे."

आणि इथून गावाच्या मागं साडेसाती लागली.

डुक्करपालाला कोंडवाडा लागतो. कोंडवाड्याच्या भिंती होत्या, पुरुषभर उंच, आपल्या खापरपणजोबांनी रचलेल्या, पण फाटक कधीच चुलीत गेलं होतं. ऑरिन पंचांकडे गेला. एक पंच म्हणाला, फाटकाचा ठराव पुढच्या मार्चच्या सभेत येईल. दुसरा म्हणाला, लाकूड घ्यायचं तर गावच्या सरपण-मोजणीदाराची सही हवी. सरपण-मोजणीदार मरून काही वर्षं झाली होती. पण त्याच्या कामाबद्दल कधी तक्रार आली नाही म्हणून गाव त्यालाच निवडत होतं.

"खोटं," लव्हिनाबाई म्हणाल्या.

मरून नसेल, पण फ्लोरिडात होता. एकूण एकच. तिसरा पंच बहिरा होता. त्यानं 'हो' म्हटलं, पण कशाला ते कुणालाच कळलं नाही. शेवटी ऑरिननं घरच्या खुराड्याचं दार काढून कोंडवाड्याला लावलं. ते आखूड पडलं म्हणून त्यावर न्हाणीघराचं दार जोडलं. कोंबड्या गावभर झाल्या. लोक तक्रार घेऊन ऑरिनकडेच आले. त्यानं गंभीरपणे सांगितलं, की कोंबड्या माझ्या अखत्यारीत येत नाहीत. टटलांच्या घरी पुढचे दोन महिने न्हाणीला चादर टांगलेली होती, आणि लव्हिनाबाई अंघोळ करताना मोठ्यानं स्तोत्रं म्हणायच्या.

"ते खरं आहे," लव्हिनाबाई म्हणाल्या.

कोंडवाड्याला कोंडवाडेदारही असतो. तो होता म्हातारा अल्व्हा पीस्ली. भला माणूस, पण दोन्ही डोळ्यांत पडदे. बायको समजून दाराआडच्या कोटाशी बोलायचा आणि कोट उलट उत्तर देत नाही म्हणून समाधानी असायचा. अल्व्हाचे डोळे लक्षात ठेवा, पाद्रीबाबा, पुढं कामाला येतील.

इथं लव्हिनाबाईंच्या सुया थांबल्या. त्यांनी चष्म्यावरून झेनसकडे एकवार बघितलं आणि पुन्हा विणायला सुरुवात केली.

आता राहिलं डुक्कर. सबंध गावात मोकाट डुक्कर एक नव्हतं. ऑरिननं सगळे रस्ते पालथे घातले. लोकांच्या परसात डोकावून "आपल्याकडे काही सुटलंय का?" असं विचारल्यामुळं दोन घरांत नवरा-बायकोची भांडणं झाली. शेवटी होझियाला दया आली. त्याच्याकडे प्रुडन्स नावाची डुकरीण होती. अंगानं सोफ्याएवढी, वागणुकीत थेट होझियाच्या सासूसारखी. नावही सासूचंच होतं.

"भाऊ येईल त्या दिवशी मी तिला सोडतो," होझिया म्हणाला. "तू सगळ्यांदेखत धर."

"तसं जमणार नाही," ऑरिन म्हणाला. त्यानं जुने कायदे वाचून ठेवले होते. "नाकात कडी आणि मानेला जू असेल तर डुकराला हिंडायची मोकळीक आहे. मग मला धरता येत नाही. कडी नसेल तर धरता येतं, पण मग तू गुन्हेगार ठरतोस आणि मला तुझ्यावर कारवाई करावी लागेल."

"अरे, मी तुला मदत करतोय ना!"

"म्हणूनच सांगतोय. मदत करणाऱ्यावर कारवाई करायला मला जड जाईल. पण मी करीन."

होझियानं घरात जाऊन हे सगळं बायकोला सांगितलं म्हणे. शेवटी त्याच्या बायकोनं तोडगा काढला: खोपटाचं दार वाऱ्यानं उघडायचं. वारा गुन्हेगार. वाऱ्यावर कारवाई करायला ऑरिनची हरकत नव्हती.

एवढं ठरलं, आणि डुक्कर कसं धरावं यावर गावाला कंठ फुटला. ज्यांनी आयुष्यात डुक्कर फक्त ताटात बघितलं होतं तेही रस्त्यात ऑरिनला अडवून शिकवू लागले. न्हावी म्हणाला, कानात गाणं म्हणा. डॉक्टर म्हणाले, मागचा डावा पाय. पोस्टमास्तर म्हणाला, डोळ्याला डोळा भिडवून अजिबात बघू नका, त्यांना अपमान वाटतो. आणि आपला पर्ली—

"मी बरोबर सांगितलं होतं," पर्ली गल्ल्यामागून म्हणाला. "डोक्यावर बादली घातली की डुक्कर मागं मागं चालतं. मग शेपटी धरायची आणि नेऊ तिकडं न्यायचं. अजूनही सांगतो."

बरोबरच सांगितलं होतंस, बाबा. तेच तर नडलं.

तो दिवस उजाडला. चर्चसमोरच्या पटांगणात दरसालचं स्ट्रॉबेरीचं जेवण होतं. लांबच लांब टेबलं, पांढऱ्या चादरी, केकच्या राशी, त्यावर साय. पलीकडे गावचा बँड, म्हणजे दोन कर्णे, एक ढोल आणि हिंमत. अँब्रोजची भलीमोठी मोटार आली. अँब्रोज उतरला. त्याला लक्षात ठेवा. गरगरीत, गळा नसलेला, उन्हानं गुलाबी झालेला, आणि अंगात गुलाबीसर रेशमी सूट. पाठोपाठ त्याची बायको कॉर्डिलिया. उंच, शांत, बोलायची पाळी आपली कधी येणारच नाही हे ओळखून असलेली.

ऑरिन छातीवर निळा पट्टा आणि हातात काठी घेऊन उभा होता. पट्टा लव्हिनाबाईंनी रात्रंदिवस बसून शिवलेला. त्यावर डुकराचं चित्र काढू नका असं त्यानं बजावलं होतं. त्यांनी लहानसं काढलंच होतं, आतल्या बाजूला.

"हा काय अवतार?" अँब्रोज म्हणाला. "कसला अधिकारी म्हणायचा तू?"

"बघशीलच," ऑरिन म्हणाला आणि होझियाच्या घराकडे मान करून वाऱ्याची वाट बघू लागला.

वारा आला. दार उघडलं. प्रुडन्स आली नाही. झोपली होती. ऑरिन कासावीस. घटका गेली, दुसरी गेली, केक अर्धे संपले, अँब्रोज जांभया देऊ लागला. "मी जरा बंदोबस्त बघून येतो," असं सांगून ऑरिन चर्चच्या उजव्या बाजूनं होझियाकडे धावला. आणि त्याच क्षणी, पाद्रीबाबा, चर्चच्या डाव्या बाजूनं प्रुडन्स प्रगट झाली.

तिनं आधी सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली. मग पहिलं टेबल नाकानं उचललं. चौदा केक तिनं असे खाल्ले की—

"बारा," लव्हिनाबाई म्हणाल्या. "दोन बँडवाल्यांनी पळवले."

बारा. बायका टेबलांवर चढल्या, पुरुष टेबलांखाली गेले. ऑरिन धापा टाकत परत आला तेव्हा तिच्या तोंडाला साय आणि कपाळाला स्ट्रॉबेरी लागलेली होती. पण माणूस डगमगला नाही. लिंबू सरबताची बादली त्यानं उचलली आणि सरबतासकट तिच्या डोक्यावर पालथी घातली.

पर्लीचं शास्त्र खरं ठरलं. डुकरीण मागं चालू लागली. चालू लागली म्हणजे सुटलीच! शेपटी धरायची होती, पण सुकाणू हाती यायच्या आधीच जहाज निघालं. ती उलट्या पावली ढोलात शिरली आणि ढोल कमरेला अडकवून बाहेर पडली. पाठोपाठ ऑरिन, पट्टा वाऱ्यावर, काठी हवेत, "कायद्याच्या नावानं थांब!" असं ओरडत.

आणि अँब्रोज हसायला लागला.

हसणं कसं असतं सांगू? गावात आम्हीही हसतो. पण तो वेगळा. तो बोट दाखवून हसत होता. "डुक्कर!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. "हे तुझं अधिकारपद? डुकरं वळायचं? अरे मूर्खा, गाव तुझी टिंगल करतंय आणि तू शपथा घेत बसलायस! मी जन्मभर सांगत आलो, ऑरिनच्या हातून काय होणार!"

पटांगण गप्प झालं. ढोलसुद्धा गप्प झाला.

ऑरिन मध्यावर उभा होता, अंगभर सरबत. त्यानं भावाकडे बघितलं नाही. गावाकडे बघितलं. गावानं खाली बघितलं. कारण पाद्रीबाबा, अँब्रोज बोलला ते खरंच होतं. आम्ही त्याची टिंगलच केली होती. पण ती आमची होती हो! वूस्टरच्या कंबरपट्टेवाल्यानं येऊन आमच्या टिंगलीला हात लावावा?

मग कुणीतरी प्रुडन्सच्या डोक्यावरची बादली काढली.

"कुणी?" पाद्रीबाबांनी विचारलं.

पडली असेल. तिला समोर पहिलं काय दिसलं, तर गुलाबी, गरगरीत, मोठ्यानं ओरडणारा अँब्रोज. तिला काय वाटलं देव जाणे. मायेनं धावली की रागानं, पण धावली. अँब्रोज पळाला. आयुष्यात पहिल्यांदाच पळत असावा. मोटारीकडे जायची वाट टेबलांनी अडलेली, चर्चच्या पायऱ्यांवर बायका. एकच दार सताड उघडं होतं. खुराड्याचं आणि न्हाणीघराचं जोडलेलं. तो आत शिरला. फाटक धाडकन मिटलं. कुलूप खटकन लागलं. आणि प्रुडन्स फाटकाला पाठ लावून ढोलासकट खाली बसली.

"उघडा!" आतून अँब्रोज ओरडला.

बिचारा अल्व्हा पीस्ली! डोळ्यांत पडदे. त्यानं फाटकाच्या फटीतून आत बघितलं असणार आणि गुलाबी असं काहीतरी दिसलं असणार. "नाकात कडी नाही," तो म्हणाला, "मानेला जू नाही. डुक्करपालाच्या हुकमाशिवाय सोडता येत नाही. मालक कोण आहे?"

सगळ्या माना कॉर्डिलियाकडे वळल्या. ती एका बाकावर केक खात बसली होती.

"बाई, हे तुमचं का?" होझियानं विचारलं.

कॉर्डिलियानं चमचा चाटला, कोंडवाड्याकडे बघितलं, आतल्या शिव्या थोडा वेळ ऐकल्या. "आत्ताच सांगायला हवं का?" ती म्हणाली. "आधी हा केक संपवते."

सूर्य डोंगराआड गेला. शिव्यांच्या धमक्या झाल्या, धमक्यांच्या विनंत्या झाल्या. शेवटी भिंतीपलीकडून बारीक आवाज आला, "ऑरिन... अरे ऑरिन, त्यांना सांग ना काहीतरी."

"कुणाशी बोलताय तुम्ही?" कोंडवाडेदारानं दरडावलं. "नीट पदवी लावा!"

सगळं गाव कान देऊन उभं होतं. मग आवाज आला, "डुक्करपाल साहेब. कृपा करून मला सोडवा."

ऑरिननं पट्टा सरळ केला. अंगावरची एक स्ट्रॉबेरी झटकली. फाटकाशी गेला आणि म्हणाला, "ओळख पटली. हा माझा भाऊ आहे. निरुपद्रवी आहे. सोडा."

दुसऱ्या मार्चला गावात तीन नवे नवरे होते. होझिया सभापती होता. डुक्करपालाच्या पदाशी आला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "हे पद रिकामं नाही. आपल्या गावच्या टटलकडे आहे." आपल्या गावच्या, ऐकलंत ना? तेव्हापासून अठरा वर्षं ते त्याच्याकडेच आहे. नव्या नवऱ्यांना आम्ही सरपण मोजायला लावतो.

झेनसनं कॉफी संपवली आणि पेला समाधानानं खाली ठेवला. "आणि हे सगळं कशामुळं? एका आंधळ्या म्हाताऱ्याच्या चुकीमुळं! अल्व्हाला धड दिसलं असतं तर त्यानं माणसाला कोंडलं असतं का? देवाची करणी, पाद्रीबाबा. पुढच्या रविवारी प्रवचनात घ्या हवं तर."

"पण खरोखरच त्यांना माणूस आणि डुक्कर यांतला फरक कळला नाही?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"कसा कळणार? बिचारा अल्व्हा!"

लव्हिनाबाईंनी मोजा पिशवीत ठेवला. रॉकेलचा डबा उचलला. दाराशी जाऊन वळल्या.

"झेनस कोल्बी, अल्व्हा त्याच्या आदल्याच शरदात मुलीकडे मेन राज्यात राहायला गेला. ऑरिनचं भाषण संपलं त्याच सभेत कोंडवाडेदार तुला केलं. मी पळी हातात घेऊन ऐकत होते. अठरा वर्षं माझा नवरा म्हणतोय, त्या दिवशी फाटकाशी आंधळा झालेल्यानं माझी अब्रू राखली. आणि तुला इथून काट्यावरचं कबुतर दिसतं."